पाहुण्यांची चढउतार : हॉटेले आणि समारंभगृहे यांतील उद्वाहनांची योजना

न्यूयॉर्कमधील मॅडिसन चौकालगत १८५९ साली ‘फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेल’ उघडले, त्या वेळी त्याच्या पांढऱ्या संगमरवरी दर्शनी भागाइतकेच लोकांचे कुतूहल ज्या एका यंत्राने वेधून घेतले, ते म्हणजे बॉस्टनचे यंत्रकार ओटिस टफ्ट्स यांनी तेथे बसविलेले प्रवासी उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, होय. तळापासून माथ्यापर्यंत उभा केलेला एक प्रचंड लोखंडी स्क्रू वाफेच्या इंजिनाने फिरविला जाई, आणि त्याच्या आट्यांवर बसविलेली एक लहानशी खोली, स्क्रू ज्या दिशेस फिरे त्या मानाने, संथपणे वर चढे अथवा खाली उतरे. दोनच वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, त्याच शहरातील ब्रॉडवेवरच्या हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात एलिशा ओटिस यांचे, दोर तुटल्यास आपोआप जागीच अडकून राहणारे उद्वाहन चालू झाले होते. टफ्ट्स यांनी मात्र दोराचा प्रश्नच मुळातून काढून टाकला. त्यांचे यंत्र मंद होते, खर्चिक होते, आणि १८७५ मध्ये ते हलवून त्या जागी दोराचे उद्वाहन बसवावे लागले. तथापि अतिथिगृहांच्या इतिहासात त्याने जो पालट सुरू केला, तो पुढे कायमचा झाला.

तोपर्यंत सराया आणि हॉटेले यांत सामान्यतः एकच शिरस्ता होता: जिना जितका कमी चढावा लागेल तितकी खोली महाग, आणि जितका अधिक चढावा लागेल तितकी स्वस्त. छपराखालचे मजले नोकरचाकरांना आणि तुटपुंज्या खिशाच्या प्रवाशांना नेमून दिलेले असत. उद्वाहनाने ही उतरंड उलटी केली. रस्त्याच्या धुळीपासून आणि घोडागाड्यांच्या खडखडाटापासून दूर असलेले, वारा आणि दृश्य लाभलेले वरचे मजले एकाएकी सर्वांत मोलाचे ठरले, आणि हॉटेलांची उंची माणसाच्या गुडघ्यांच्या मर्यादेतून मुक्त झाली. मुंबईत अपोलो बंदरावर १६ डिसेंबर १९०३ रोजी जेव्हा ताजमहाल हॉटेलचे दरवाजे उघडले, तेव्हा विजेच्या दिव्यांबरोबर आणि अमेरिकन पंख्यांबरोबर जर्मनीहून आणविलेली उद्वाहनेही त्याच्या वैभवात गणली गेली. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या स्थापत्यविशारदांनी ज्या वास्तूची कल्पना मांडली आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी जी पुरी केली, तिच्या मध्यभागी असलेला भव्य जिना आजही पाहणाऱ्याचे डोळे दिपवितो. परंतु त्या जिन्याला शोभेची वस्तू होण्याची मोकळीक मिळाली, ती माणसे वाहून नेण्याचा भार उद्वाहनांनी उचलला म्हणून.

हा सगळा इतिहास सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, अतिथिगृह आणि उद्वाहन यांचा संबंध वरवरचा नाही. पाहुणा हॉटेलात आला म्हणजे द्वारपालाचा नमस्कार, स्वागतकक्षातील नोंद आणि खोलीचा दरवाजा यांच्यामध्ये त्याला ज्या एका ठिकाणी काही न करता नुसते उभे राहावे लागते, ते ठिकाण म्हणजे लिफ्टसमोरची जागा होय. आणि तेथे तो जितका वेळ उभा राहतो, तितक्या वेळात यजमानाविषयीचे त्याचे मत पुष्कळसे बनून जाते. असे असूनही इमारतीचा आराखडा करताना झुंबरे, फरशी, कारंजी यांचा खल महिनोन्‌महिने चालतो आणि लिफ्ट किती, कोठे व केवढ्या, याचा निर्णय मात्र उरलेल्या जागेवर सोपविला जातो, ही गोष्ट मला सर्वथैव चुकीची वाटते. झुंबर आवडले नाही तर बदलता येते. उद्वाहनाचा चौक, म्हणजे ज्याला बांधकामावरचे लोक शाफ्ट म्हणतात तो, पायापासून गच्चीपर्यंत एकदा घातला की त्यात बोटभर फरक करावयाचा झाला तरी प्रत्येक मजल्याचा स्लॅब फोडावा लागतो.

कचेरीच्या इमारतीत गर्दीची वेळ घड्याळाने ठरविलेली असते. सकाळी सगळे वर, दुपारी जेवावयास खाली आणि पुन्हा वर, संध्याकाळी सगळे खाली: या लाटा इतक्या नियमित असतात की त्यांचे कोष्टक मांडता येते. हॉटेलात लाटा येतात त्या दोन्ही दिशांनी आणि एकमेकींवर आदळत. न्याहारीच्या वेळी निम्मे लोक जेवणघराकडे उतरत असतात, निम्मे न्याहारी उरकून खोलीकडे परतत असतात; तेवढ्यात खोली सोडण्याची मुदत भरत आल्यामुळे बॅगांसह निघालेली कुटुंबे दाराशी येतात; आणि विमानतळावरून आलेली एखादी बस चाळीस प्रवाशांना त्यांच्या सामानासह एकदम तळमजल्यावर आणून सोडते. हॉटेलातला प्रवासी हातात फाइल घेतलेला कारकून नसून दोन मोठ्या पेट्या, झोपलेले मूल आणि छत्री यांसह आलेला माणूस असतो. त्याची पेटी लिफ्टमध्ये एका माणसाची जागा सहज अडविते, आणि तो परक्या जागी नवखा असल्यामुळे आपला मजला कोणता, बटण कोठे, किल्लीचे कार्ड कोठे टेकवावयाचे, या विचारात दार मिटण्यास आणखी विलंब लावतो. त्याला घाई मात्र कचेरीतल्या माणसाइतकी नसते. म्हणूनच कचेरीत तीस सेकंदांच्या अंतराने लिफ्ट यावी असा जेथे आग्रह धरतात, तेथे हॉटेलात चाळीस ते पन्नास सेकंदांपर्यंतची सवलत देण्याची वहिवाट आहे.

या सेकंदांचा हिशेब कसा करतात, तो एकदा नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्या पोटात एक असा निष्कर्ष दडलेला आहे की, जो सामान्य समजुतीच्या अगदी विरुद्ध जातो. समजा, एका हॉटेलात वीस मजल्यांवर, मजल्यास दहा याप्रमाणे, २०० खोल्या आहेत. खोलीमागे दीड माणूस धरला तर ३०० जणांची वस्ती झाली. गर्दीच्या पाच मिनिटांत वस्तीपैकी शेकडा १० ते १५ लोक लिफ्ट मागतील असा हॉटेलांच्या बाबतीत अजमास धरतात. आपण १२ धरू, म्हणजे ३६ माणसे झाली. लिफ्ट तेरा जणांची घेऊ. भारतीय मानकांत माणशी ६८ किलो वजन धरतात, म्हणून अशा लिफ्टवर ८८४ किलोची पाटी असते. प्रत्यक्षात मात्र अनोळखी माणसे एकमेकांना खेटून उभी राहत नाहीत, आणि म्हणून तिच्यात दहाच्या आसपास माणसे मावतात असे जाणकार गृहीत धरतात.

आता ही दहा माणसे वीस मजल्यांपैकी वाटेल त्या मजल्यावर जाणार आहेत, तर लिफ्टला वाटेत किती वेळा थांबावे लागेल? बॅसेट जोन्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९२३ मध्ये संभाव्यतेच्या गणिताने या प्रश्नाचे जे सूत्र मांडले, त्याच्याच पायावर पुढे या शास्त्राची इमारत उभी राहिली. काही जणांचा मजला एकच निघणार हे उघड आहे, म्हणून थांबे दहा होत नाहीत. सूत्राने उत्तर येते ते सुमारे आठ. मजल्याची उंची ३.२ मीटर आणि लिफ्टचा वेग सेकंदास २.५ मीटर असेल, तर सर्वांत वरच्या थांब्यापर्यंत जाऊन तळाशी परत येण्यास निव्वळ प्रवासाचे ४८ सेकंद लागतात. वरचे आठ थांबे आणि तळमजला मिळून नऊ वेळा दारे उघडावयाची, मिटावयाची, वेग आवरावयाचा आणि पुन्हा घ्यावयाचा, याला प्रत्येकी नऊ सेकंद धरले तर ८१ सेकंद होतात. दहा जणांच्या चढण्या-उतरण्यास माणशी तीन सेकंद, म्हणजे आणखी ३०. एकूण फेरी १६० सेकंदांची झाली. आणि तीत निव्वळ प्रवासाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी!

मालक जेव्हा जाहिरातीतील वेगाचे आकडे पाहून अधिक वेगवान यंत्राचा हट्ट धरतो, तेव्हा त्याच्यासमोर हा जमाखर्च ठेवावा. वेग दुप्पट केला तर फेरीतले फार तर २४ सेकंद वाचतील, आणि तेही प्रत्येक थांब्यापूर्वी लिफ्टला पूर्ण वेग गाठण्यास अवकाश मिळाला तरच. उलट दाराच्या प्रत्येक उघडझापीत दोन सेकंद वाचविले, तर त्याहून कितीतरी कमी खर्चात १८ सेकंद हाती येतात. मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंस सरकणारी दारे एकाच बाजूस सरकणाऱ्या दारांपेक्षा पाहुण्यांच्या लिफ्टला अधिक योग्य, लिफ्टची खोली अरुंद-लांबट असण्यापेक्षा रुंद आणि उथळ असणे अधिक हितावह, आणि लिफ्टसमोरची जागा इतकी ऐसपैस असावी की बाहेर पडणाऱ्याला आत शिरणाऱ्याच्या पेट्या ओलांडाव्या लागू नयेत, या साऱ्या नियमांचे मूळ या जमाखर्चात आहे.

याच गणिताचा दुसरा धडा संख्येविषयीचा आहे. १६० सेकंदांच्या फेरीत दहा माणसे, म्हणजे पाच मिनिटांत एक लिफ्ट एकोणीस माणसे उचलते. दोन लिफ्ट सदतीस-अडतीस उचलतील, आणि आपली गरज तर छत्तिसांचीच आहे. कागदावर दोन लिफ्टांत काम भागले. परंतु दोन लिफ्टांत एकीच्या मागून दुसरी येण्यास ८० सेकंद लागतात, तीन असतील तर ५३ आणि चार असतील तर ४०. दोन लिफ्ट सर्व पाहुण्यांना वाहून नेतील, पण त्यांना तिष्ठत ठेवून नेतील; वाहून नेण्याची क्षमता आणि वाट पाहण्याची मुदत या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हॉटेलाची अब्रू दुसरीवर अवलंबून असते. नव्वद ते शंभर खोल्यांमागे पाहुण्यांची एक लिफ्ट, आणि अशा दोन लिफ्टांमागे सेवेची एक, असा एक ठोकताळा या व्यवसायात प्रचलित आहे. बसक्या, पसरट इमारतीत तो ठीक चालतो. आपल्या उदाहरणातल्यासारख्या उंच आणि सडपातळ इमारतीत तोच ठोकताळा दोन लिफ्टांवर समाधान मानावयास लावतो. शिवाय हे सारे गणित लोक केवळ वर जात आहेत असे समजून मांडलेले आहे. न्याहारीच्या वेळची दुतर्फा वर्दळ, सामानाने अडविलेली जागा, आणि चारांपैकी एक लिफ्ट दुरुस्तीस बंद असण्याचा प्रसंग हे तिन्ही हिशेबात घेतल्यावाचून आकडा कायम करू नये.

संख्या पुरेशी असूनही योजना कशी हार खाऊ शकते, याचे मोठे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकातील मॅरियट मार्की हे हॉटेल. त्याचे स्थापत्यविशारद जॉन पोर्टमन यांनी १९६७ मध्ये अटलांटा येथील हायट रीजन्सी हॉटेलात बावीस मजली उंचीचे पोकळ दालन मध्यभागी ठेवून त्यातून काचेच्या लिफ्ट उघड्यावर वरखाली फिरविल्या, आणि उद्वाहन ही भिंतीत दडवावयाची यंत्रसामग्री नसून स्वतःच एक प्रेक्षणीय वस्तू होऊ शकते हे दाखवून दिले. माझ्या मते आधुनिक हॉटेलांच्या वास्तुकलेतील ती एक खरोखरीच आनंददायक कल्पना होती. मार्की हॉटेल १९८५ मध्ये उघडले, तेव्हा हीच कल्पना १,९०० हून अधिक खोल्यांच्या प्रचंड प्रमाणावर राबविली गेली. दालनाच्या मध्यभागी एक उंच स्तंभ आणि त्याच्याभोवती काचेच्या लिफ्ट. परंतु तेथे स्वागतकक्ष आठव्या मजल्यावर आहे, खालच्या मजल्यांवर सभागृहे आणि नाट्यगृह आहे, वर शेकडो खोल्या आहेत. त्यामुळे रस्त्यावरून आलेला पाहुणा, सभागृहातून निघालेला प्रतिनिधी आणि खोलीतून उतरलेला प्रवासी हे तिघेही त्याच लिफ्टांच्या दारी गोळा होत. अधिवेशनाच्या दिवशी तेथे होणारी रखडपट्टी प्रवाशांमध्ये कुप्रसिद्ध झाली.

तेथे उपाय झाला तो यंत्रे न वाढविता, हुकूम देण्याची रीत पालटून. साध्या पद्धतीत प्रवासी बाहेर केवळ ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढेच सांगतो, आणि कोठे जावयाचे ते आत गेल्यावर. त्यामुळे वीस निरनिराळ्या मजल्यांचे लोक एकाच लिफ्टमध्ये कोंबले जातात. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरातील अभियंते लिओ पोर्ट यांनी, जे पुढे त्या शहराचे महापौरही झाले, १९६० च्या सुमारास असे सुचविले की, प्रवाशाने बाहेरच आपला मजला नोंदवावा आणि यंत्रणेने एकाच मजल्याच्या किंवा लगतच्या मजल्यांच्या लोकांना एकत्र करून त्यांना त्यांची लिफ्ट नेमून द्यावी. त्या काळच्या विद्युत्‌यंत्रणेला एवढी आकडेमोड पेलण्याजोगी नव्हती. संगणक स्वस्त झाल्यावर, १९९० च्या दशकात शिंडलर कंपनीने ही पद्धत व्यवहारात आणली, आणि पुढे मार्की हॉटेलनेही ती स्वीकारली. थांबे आठांवरून चार-पाचांवर आले तर फेरीचा किती काळ वाचतो, हे वरच्या जमाखर्चावरून कोणासही काढता येईल. हॉटेलात या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती म्हणजे पाहुणा रोज नवा असतो आणि आत बटणे नाहीत हे पाहून तो गोंधळतो. म्हणून जेथे ती बसवावयाची तेथे पहिले काही महिने लिफ्टसमोर एक समजूतदार माणूस उभा ठेवण्याची तजवीज अवश्य करावी.

आता पडद्यामागील सृष्टीकडे वळू, कारण माझ्या मते हॉटेलच्या उद्वाहनयोजनेची खरी परीक्षा तेथे होते. पाहुण्याच्या दृष्टीस जे पडते ते हॉटेल निम्मेच असते. दुसऱ्या निम्म्यात मुदपाकखाना, धुलाईखाना, कोठी, मालाचा धक्का, कचऱ्याची खोली आणि या सर्वांना खोल्यांशी जोडणारी सेवेची उद्वाहने असतात. एका मोठ्या हॉटेलात रोज शेकडो चादरी, उशांचे अभ्रे आणि पंचे वर जातात व तितकेच मळलेले खाली येतात. खोलीत मागविलेल्या चहाची थाळी झाकलेल्या अवस्थेत वर जाते आणि उष्ट्या भांड्यांसह परत येते. रात्री बिछाने घालणाऱ्या बायकांच्या गाड्या, गळक्या नळासाठी बोलाविलेला कारागीर, खोलीत हवा असलेला जादा पलंग, हे सर्व त्याच वाटेने जाते. ही वाट अपुरी पडली की त्याची झळ प्रथम नोकरवर्गाला लागते आणि मग पाहुण्याला: थाळी लिफ्टची वाट पाहत निवते, किंवा वाढपी नाइलाजाने ती पाहुण्यांच्या लिफ्टमधून नेतो आणि रेशमी साडीतल्या एखाद्या बाईंच्या शेजारी कढीचे पातेले उभे राहते.

सेवेच्या लिफ्टचा आकार पाहुण्यांच्या लिफ्टच्या अगदी उलट हवा. ती खोल आणि लांबट असावी, म्हणजे गाड्या एकीमागे एक शिरतील. तिचे दार एकाच बाजूस सरकणारे चालते, कारण तेथे घाईपेक्षा रुंदी मोलाची. तिच्या भिंतींना गाड्यांचे धक्के सोसणारे पत्रे असावेत. तिची आतली लांबी किमान २.१ मीटर ठेवली तर एखाद्या आजारी पाहुण्याला स्ट्रेचरवर आडवे नेता येते, आणि हे एकच कारण ती लांबी ठेवण्यास पुरेसे आहे. तिने मालाचा धक्का, मुदपाकखाना, सभागृहामागची वाढपाची खोली आणि धुलाईखाना या सर्वांशी थेट पोचले पाहिजे; यांपैकी एक जरी सुटला तर गाडी एका लिफ्टमधून उतरवून मार्गिकेतून दुसरीकडे ढकलीत न्यावी लागते, आणि हे काम वर्षानुवर्षे रोज कोणाला तरी करावे लागते. अन्न आणि मळकी कापडे यांची वाट जेथे शक्य असेल तेथे वेगळी ठेवावी. सेवेच्या उद्वाहनांची संख्या खर्च कापताना सर्वप्रथम घटविली जाते, कारण त्यांच्यासाठी भांडणारा कोणी आराखड्याच्या बैठकीत बसलेला नसतो. म्हणून हॉटेलचा मुख्य आचारी आणि खोल्यांच्या व्यवस्थेची प्रमुख या दोघांना त्या बैठकीस मुद्दाम बोलवावे, असे मी आग्रहाने सुचवितो.

वाहनतळाचा बंदोबस्त त्यामानाने सोपा आहे. तळघरातून येणारी लिफ्ट स्वागतकक्षाच्या मजल्यावर संपवावी आणि खोल्यांकडे जाणारी तेथून निराळी सुरू करावी, म्हणजे वाटेल तो इसम गाडीतून उतरून थेट शयनकक्षांच्या मजल्यावर जाऊ शकत नाही, आणि वरच्या लिफ्टांची फेरीही आखूड होते. गच्चीवर उपाहारगृह असेल तर बाहेरच्या लोकांसाठी त्याचीही लिफ्ट स्वतंत्र असावी.

हॉटेलातील गर्दी कितीही झाली तरी ती तासादीडतासावर पसरलेली असते. समारंभगृहात ती एका क्षणावर येऊन ठेपते. आपल्या महाराष्ट्रातील मंगल कार्यालयाइतके याचे स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही, कारण येथे तो क्षण पंचांगाने मिनिटापर्यंत ठरवून दिलेला असतो आणि आमंत्रणपत्रिकेवर छापलेला असतो. मुहूर्ताच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत बहुसंख्य पाहुणे दाराशी येतात, कारण अक्षता चुकू नयेत ही प्रत्येकाची इच्छा असते. आणि मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर झाला, टाळ्या आणि वाजंत्री झाली की तोच समुदाय जवळजवळ एकाच वेळी जेवणाच्या मजल्याकडे वळतो. पुणे, ठाणे, दादर अशा ठिकाणी जमिनीची किंमत वाढल्यामुळे पूर्वी एकमजली चौसोपी असलेली कार्यालये आता मजल्यांवर मजले चढवून उभी राहिली आहेत: तळाशी वाहने, त्यावर एक सभागृह, त्यावर भोजनगृह, त्यावर दुसरे सभागृह आणि त्यात दुसरेच लग्न.

६०० पाहुण्यांचे कार्य तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तेरा माणसांच्या दोन लिफ्ट आहेत असे धरा. बारा मीटर चढून उतरण्यास सेकंदाला एक मीटर वेगाने २४ सेकंद, दोन थांब्यांचे १८, आणि दहा जणांच्या चढउतारीचे ३०. फेरी झाली ७२ सेकंदांची. दोन्ही लिफ्ट मिळून पाच मिनिटांत ८३ माणसे, आणि ६०० माणसांना लागतील ३६ मिनिटे. मुहूर्त इतका वेळ थांबत नाही. येथे आणखी दोन लिफ्ट घालून प्रश्न सुटत नाही, अर्ध्याने कमी होतो एवढेच. जमाव हलविण्याचे काम हे लिफ्टचे कामच नव्हे. एक मीटर रुंदीच्या पायऱ्यांचा आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा सरकता जिना ताशी ६,००० माणसांपर्यंत वाहून नेतो असे मानतात, म्हणजे वरचे ६०० लोक सहा मिनिटांत. सरकता जिना परवडत नसेल तर निदान रुंद, बुटक्या पायऱ्यांचा, मध्ये विसाव्याची जागा असलेला, प्रवेशद्वारातून शिरताच समोर दिसणारा साधा जिना हवा. धडधाकट माणसे दोन मजले आनंदाने चढतात, जिना त्यांना दिसला तर! तो कोपऱ्यात लपविलेला असतो, म्हणून सारे लिफ्टपुढे रांग लावतात.

आणि रांगेत मागे पडतात ते नेमके असे लोक की ज्यांच्यासाठी लिफ्ट आहे. एका शहरातील कार्यालयात मी पाहिले की, वराची आजी तळमजल्यावर खुर्चीत बसून होती. तिची पाळी येईपर्यंत वरून ध्वनिक्षेपकावर शेवटचे मंगलाष्टक ऐकू आले. तिच्या नातवंडांनी धावपळ केली, लिफ्टमनही भला माणूस होता. चूक कोणाचीच नव्हती, चूक नकाशाची होती. मोठ्या समारंभगृहात एक तरी लिफ्ट, ज्यांना जिना चढवत नाही अशांसाठी राखून ठेवावी. तिचे दार नव्वद सेंटीमीटरांहून अरुंद नसावे, म्हणजे चाकांची खुर्ची अडखळणार नाही. आणि ती प्रवेशद्वाराजवळ असावी. दुसरी राखीव लिफ्ट आचाऱ्यांची. टोप, परात, पाण्याचे पिंप, फुलांचे भारे, व्यासपीठाच्या फळ्या आणि शेवटी उष्ट्याचे डबे, यांना स्वतंत्र वाट नसली तर भर मुहूर्ताच्या वेळी पाहुण्यांच्या दोनांपैकी एक लिफ्ट मठ्ठ्याच्या पिंपांनी अडकते, आणि ३६ मिनिटांची ७२ होतात.

नाट्यगृहे आणि प्रदर्शनगृहे यांत तर व्यासपीठच उद्वाहन होते. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये, १९३२ साली ते उघडले तेव्हापासून, रंगमंचाचे तीन भाग आणि वादकवृंदाची बैठक ही सारी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या उद्वाहनांवर बसविलेली आहेत. पडदा न पाडता संपूर्ण वाद्यवृंद प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वर येतो. पण तो विषय स्वतंत्र प्रकरणाचा आहे.

आगीचा विचार मात्र टाळता येत नाही. २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगास येथील एमजीएम ग्रँड हॉटेलात खालच्या मजल्यावरील एका उपाहारगृहात आग लागली. तीत ८५ माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक ज्वाळांपासून कितीतरी दूर, वरच्या मजल्यांवर, धुराने गुदमरून गेली. तो धूर वर पोचला तो लिफ्टचे चौक, जिने आणि इमारतीच्या सांध्यांतील पोकळ्या यांतून. तळापासून माथ्यापर्यंत गेलेला उभा पोकळ चौक हा धुराच्या दृष्टीने धुराडेच होय. म्हणून चौकाच्या भिंती आणि दारे अग्निरोधक असावीत, लिफ्टसमोरची जागा धूर शिरणार नाही अशी बंदिस्त असावी आणि इशारा होताच सर्व लिफ्ट आपोआप तळाशी येऊन दारे उघडून थांबाव्यात, असे नियम झाले. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटरांहून उंच इमारतींत आगीच्या वेळी अग्निशामक दलाला वापरता येईल अशी लिफ्ट लागते, आणि तिने तळापासून वरच्या मजल्यापर्यंत एका मिनिटात पोचले पाहिजे. साठ मीटर उंचीच्या हॉटेलात याचा अर्थ सेकंदाला किमान एक मीटर, आणि सुरुवातीचा-शेवटचा वेळ धरला तर त्याहून बराच अधिक वेग. तेव्हा सेवेच्या लिफ्टलाच अग्निशामक लिफ्ट म्हणून नोंदविण्याचा जो प्रघात आहे, त्यात स्वस्त आणि संथ यंत्र घेऊन भागत नाही.

मुंबई इलाख्यात १९३९ साली लिफ्टचा कायदा झाला आणि लिफ्ट उभारण्यास परवानगी व चालविण्यास परवाना घेणे बंधनकारक झाले. त्या कायद्याची जागा आता २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने घेतली असून सरकते जिने आणि सरकते मार्गही त्याच्या कक्षेत आले आहेत. निरीक्षक येतो तो दोर, दारांची कुलपे, वेगनियंत्रक आणि गती रोखणारी साधने तपासण्यास. लिफ्टची संख्या पुरेशी आहे की नाही, सेवेची लिफ्ट मुदपाकखान्याशी पोचते की नाही, आजीबाईंना वर जाता येईल की नाही, हे तपासणे त्याच्या कामाचा भाग नाही. ते काम मालकाचे आणि त्याच्या स्थापत्यविशारदाचे आहे, आणि ते पायाची खोदाई सुरू होण्यापूर्वीच करता येते. भविष्यातील वर्दळीचा नक्की अंदाज येत नसेल, तर एक जादा चौक पहिल्यापासून बांधून ठेवावा. त्याचा खड्डा, माथ्यावरची उंची आणि यंत्राचा भार पेलणाऱ्या तुळया नियमाप्रमाणे घ्याव्यात, आणि प्रत्येक मजल्यावर त्यात काढता येण्याजोगी हलकी जमीन टाकून ती जागा चादरींच्या कोठीसाठी वापरावी. दहा वर्षांनी गरज भासली तर त्या जमिनी उचलून घेता येतात आणि पाहुण्यांच्या खोल्या चालू ठेवूनच आणखी एक लिफ्ट बसविता येते.